नायकाच्या नावावरचं संख्याशास्त्र

आमच्या तांड्याचे नायक धरमसिंग काका संख्याशास्त्रात तालुक्यातून पहिले आले, ही बातमी आर्णीला आधी कळली आणि आम्हाला नंतर. काकांची शाळा चौथीतच सुटली. ते अंगठा देत नाहीत, सही करतात, पण तिला एवढा वेळ लागतो की बँकेतला माणूस मधे चहा पिऊन येतो. असा हा माणूस एका दुपारी अंगावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर गोंधळ घेऊन आर्णीच्या काळीपिवळीतून उतरला.

मी तेव्हा चक्कीवर होते. मी संगीता. तांड्यातली पिठाची चक्की माझी, आणि माझी जीभही त्याच दगडावर परजलेली आहे, असं माझा नवरा इंद्रजीत चारचौघांत सांगतो. घरात आम्ही गोरबोली बोलतो. ती इथं लिहिली तर अर्ध्यांच्या डोक्यावरून जाईल, म्हणून आमची माणसं इथं वऱ्हाडीत बोलतील. तीही आमचीच आहे.

"काका, ही शाल कायची?" मी विचारलं.

"मले काय माहीत, बेटी! फोन आला, या म्हने. गेलतो. खुर्चीवर बसवलं, शाल टाकली, टाळ्या वाजवल्या. 'ज्येष्ठ विद्यार्थी' म्हने. मंग म्हने भाषण करा. म्या रामराम केला न खाली बसलो."

दळण टाकायला आलेल्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. काका मात्र शालीची घडी मोडू न देता घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी ती शाल अंगावर घेऊनच शेताकडे निघाले. पेरण्या आटोपल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं, आणि हे शाल पांघरून तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे. इंद्रजीत म्हणाला, "सर झाले आता काका. सरांले गरमी होत नाही."

आमचं हसू आठवडाभरही टिकलं नाही.

माझी नणंद वर्षा. रंगाने सावळी, बोलायला कमी, आणि हट्टाला पक्की. बारावीनंतर तिनं दोन वर्षं घरी बसून पदवीचा अभ्यास केला. घरी बसून म्हणजे दिवसभर कापूस वेचून, आणि मग देवळाच्या ओट्यावर फोन घेऊन, कारण आमच्याकडे नेटवर्क तेवढ्याच ठिकाणी येतं. देशातली काही विद्यापीठं एकत्र आली आहेत. कुणाचाही ऑनलाइन कोर्स करा, पास झालात की त्याची क्रेडिटं तुमच्या खात्यात जमा होतात, आणि ती घेऊन दुसऱ्या विद्यापीठात पुढच्या वर्षाला बसता येतं. वर्षानं असे एकामागून एक कोर्स केले. जवळजवळ सगळे संख्याशास्त्राचे. आता तिला नागपूरच्या एका विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं होतं. समोर शिकवणारा माणूस हवा होता, प्रयोगशाळा हवी होती, वसतिगृह हवं होतं.

माझे सासरे रामधन तिला अडवणारे नव्हते, पण त्यांनी एक हद्द घातली होती. "एक वर्स अजून शिक. मंग सगाई. फुलसावंगीचे पाहुने थांबून हायेत, न मी त्यायले शब्द देल्ला." वर्षानं ते मान्य केलं होतं. एका वर्षात तिसरं वर्ष होतं, पदवी हातात येते. हिशेब चोख होता.

प्रवेशाचा अर्ज भरायला ती ओट्यावर बसली आणि थोड्या वेळानं चक्कीच्या दारात येऊन उभी राहिली. मी पट्टा बंद केला.

"भोजाई," ती म्हणाली. भोजाई म्हणजे वहिनी. "माह्या नावावर शून्य क्रेडिट हाये. नागपूरवाले म्हनतात, तू काईच शिकली नाही. पहिल्या वर्षाले बस."

पहिल्या वर्षाला बसायचं म्हणजे तीन वर्षं. आणि तिच्याजवळ होतं एक. तिची दोन वर्षं मातीत गेली, शिक्षण संपलं आणि फुलसावंगीची वरात दारात उभी राहिली, हे तिला आणि मला एकाच वेळी दिसलं. मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना माझं पीठ लागलं, तरी ती रडली नाही.

तेव्हाच मला शाल आठवली.

दोन वर्षांपूर्वी आर्णीच्या कॉम्प्युटर सेंटरचा अमरसिंग तांड्यात पोरींची नावं नोंदवायला आला होता. क्रेडिट ज्यात जमा होतात ते खातं उघडायचं, तर बारा शब्दांची एक गुप्त किल्ली मिळते. ती हरवली की खातं गेलं, ती दुसऱ्याला कळली की खातं त्याचं. हे ऐकून पोरी घाबरल्या. तेव्हा धरमसिंग काका पुढे झाले होते.

"भ्यायचं काय त्यात? तांड्याचं एकच खातं काढा, माह्या नावाचं. विहिरीची मोटर माह्या नावावर हाये, देवळाचं मीटर माह्या नावावर हाये. पानी काय मी एकटा पेतो?"

आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. मलाही. आमच्याकडे जे सगळ्यांचं असतं ते नायकाच्या नावावर असतं, आणि आजवर त्यात कुणाचा एक पैसा बुडाला नाही. अमरसिंगनं काकांचं खातं उघडलं आणि पोरींनी प्रत्येक कोर्सच्या अर्जात 'क्रेडिट कुठे जमा करायचं' या रकान्यात तेच खातं लिहिलं. परीक्षा वर्षानं दिल्या, कॅमेऱ्यासमोर स्वतःचा चेहरा धरून दिल्या, पण सगळी क्रेडिटं काकांच्या अंगावर जाऊन बसली. विद्यार्थ्यांचे सत्कार करणाऱ्या आर्णीच्या एका संस्थेनं क्रेडिटांची यादी पाहिली, सगळ्यात वरचं नाव धरमसिंग, आणि झाली टाळ्यांना सुरुवात. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच. आणि पीठ माझ्या नणंदेचं.

मी चक्कीला कुलूप घातलं आणि वर्षाला घेऊन आर्णी गाठली.

अमरसिंगनं कपाळावर हात मारला. "मले वाटलं मागून बदलता येते. येत नाही ना, ताई. हे ब्लॉकचेन हाये. एकदा लिहिलं का सगळ्या विद्यापीठायच्या कॉम्प्युटरवर एकदमच लिहून होते. एकानं खोडलं तर बाकीचे म्हनतात, आमच्यापाशी तर वेगळं हाये. पुसायची सोयच नाही."

"मंग माही गुनपत्रिका पाहा ना," वर्षा म्हणाली. "तिच्यावर माहं नाव हाये."

"कागद कोनी बी छापते, बाई. लोकं खोटे कागद छापत म्हनून तर ही साखळी आली. नागपूर फक्त साखळीच वाचते."

मला ते काही केल्या उमगेना. परतीच्या गाडीत वर्षानं मला समजावलं. "भोजाई, सगाईत गोळ वाटतात ना, तसं. साऱ्या तांड्यानं गोळ खाल्ला का सगाई पक्की. मंग कोनी म्हनलं सगाई झालीच नाही, तर किती तोंडं बंद करन? ज्यानं त्यानं गोळ खाऊन ठेवला राह्यते." हे मला बरोबर कळलं. माझ्या सगाईचा गोळ, म्हणजे तो गूळ, मला आजही आठवतो, इंद्रजीतशी भांडण झालं की जास्तच आठवतो.

पुसता येत नसलं तरी पुढे लिहिता येत होतं. आम्ही सेंटरवर असतानाच अमरसिंगनं ती एकच वाट सांगितली होती. खातेदारानं स्वतः, आपल्या किल्लीनं, साखळीत लिहायचं की या नोंदी माझ्या नाहीत, अमक्याच्या आहेत. कोर्सवाली विद्यापीठं परीक्षेच्या वेळचा फोटो ताडून पाहतील, आणि दोघांचं जुळलं की क्रेडिटं वर्षाच्या नव्या खात्यात जातील. अमरसिंगनं तिथल्या तिथे त्या विद्यापीठांना कळवलं, वर्षाचे फोटो पाठवले. आता फक्त काकांचा होकार हवा होता. नागपूरची मुदत शनिवारी संपत होती.

आम्ही तडक नायकाच्या घरी गेलो. काका खाटेवर, शाल खुंटीवर. नायकण रुपीबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. वर्षानं सगळं नीट सांगितलं. काका ऐकत होते, पण बघत होते खुंटीकडे.

"दुसरं काई नाही होत का?" ते म्हणाले. "तू नवीन खातं काढ, नवीन परीक्षा दे. तू हुशार हायेस."

"दोन वर्षं नवीन कुठून आनू, काका?"

"पन मी लिहून देल्लं का हे माहं नाही, तर लोकं काय म्हनतीन? नायकानं पोरीची विद्या चोरली. शाल घेतली, नारळ घेतला, फोटो काढले. न ते पुसताही येत नाही म्हनता तुमी. मेल्यावरही लिहूनच राहीन."

माझा ताबा सुटला. सुनेनं नायकापुढं आवाज चढवू नये, हे मला माहीत आहे. चढवला. "तुमचं नाव पुसता येत नाही म्हनून भेव लागते, न वर्षाचे दोन वर्षं पुसून गेले तर चालते? कायले नायक झाले मंग तुमी? शाल पांघरून धुऱ्यावर उभं राहाले?"

काकांचा चेहरा पडला. ते हळू बोलले. "चौथीत होतो तवा बाप कामाले घेऊन गेला. परत आलो तं शाळेत नाव नव्हतं. परवा त्या आर्णीच्या बाईनं मले सर म्हनलं. जिंदगीत पहिल्यांदा. मले म्हाईत होतं सुनबाई, ते माहं नाही. पन उतरवाले जीव नाही झाला."

माझा राग तिथेच होता, पण त्याच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. त्या माणसाचं मला वाईट वाटलं, मनापासून वाईट वाटलं. रुपीबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

"न किल्ली बी माह्यापाशी नाही," काका म्हणाले. "साऱ्या तांड्याचं खातं, त्याची किल्ली एकाच्याच डोक्यात कशी ठेवू? बारा जनायले एकेक शब्द देल्ला. नसाब बोलवावा लागन."

नसाब म्हणजे आमची तांड्याची बैठक. न्याय तिथे होतो, सगळ्यांसमोर. काका एवढंच बोलून भिंतीकडे तोंड करून पडले, आणि आम्ही परत फिरलो. ते टाळत आहेत की बोलवणार आहेत, हे काही समजेना. वर्षानं त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी काका स्वतः दारोदार फिरले. एरवी निरोप द्यायला माणूस पाठवतात. आमच्या दाराशी आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार वाजता देवळापुढं. अमरसिंगले मशीन घेऊन बोलाव." अंगावर शाल होतीच.

सेवालाल महाराजांच्या देवळापुढच्या कडुनिंबाखाली सगळे जमले. नसाबात जो तो आपल्या ठरलेल्या जागी बसतो, बापाची जागा मुलाकडे येते. अमरसिंग लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर चढला आणि म्हणाला, शब्द बरोबर क्रमानं लागतील, क्रम कोणाला माहीत आहे? काका म्हणाले, "बसलेत ना तेच." त्यांनी शब्द बसण्याच्या क्रमानंच वाटले होते. म्हातारे किसनसिंग पहिले. उठले, पागोटं सारखं केलं आणि एक इंग्रजी शब्द असा ठणठणीत म्हटला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसरा, मग तिसरा. इंग्रजीशी काडीचा संबंध नसलेली माणसं, दोन वर्षं एकेक शब्द उशाशी घेऊन झोपली होती. एकही चुकला नाही.

शेवटचा राहिला. तो रुपीबाईंकडे होता.

नायकण बायकांच्या बाजूनं उठल्या. डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. "माहा शब्द मी देते," त्या म्हणाल्या. "पन आधी यायनं सांगावं, अंगावरची शाल कोनाची हाये."

पान हलेना. शेळ्यासुद्धा गप्प झाल्या, असं मी म्हणणार होते, पण त्या ओरडतच होत्या. काका उठले.

"शाल वर्षाची हाये," ते म्हणाले. "अभ्यास तिनं केला. परीक्षा तिनं देल्ली. मले समजत होतं, न मी चूप राह्यलो."

किसनसिंग खाकरले. नसाबात चूक कबूल झाली की पुढचं ठरलेलं असतं. "मंग दंड..."

"दंड कायचा?" रुपीबाईंनी त्यांना तोडलं. नसाबात बाईनं मधे बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. "इथं काय भांडन हाये? पोरीची विद्या आज तिच्या घरी चालली. दंड नाही, गोळ आना. साऱ्यायनं खा. उद्या कोनी म्हनलं ही विद्या वर्षाची नाही, तं साऱ्या तांड्याच्या तोंडानं त्याले सांगू."

आणि ओढणीआडून गोळाची परात पुढे केली. भाकरी उलटताना त्या गप्प होत्या तेव्हाच हे ठरलं असणार. मग त्यांनी शेवटचा शब्द सांगितला आणि अमरसिंगच्या पडद्यावर खातं उघडलं.

"काका, इथं कारन लिहा लागते," अमरसिंग म्हणाला. आवाज खाली आणून पुढे म्हणाला, "मी 'तांत्रिक चूक' लिहितो. कोनाले काई समजत नाही. तुमचं नाव साफ राहीन."

त्या एका क्षणाला मी काकांकडे बघितलं आणि मला भीती वाटली. केवढी सोपी वाट होती ती. मी त्यांच्या जागी असते तर घेतली असती.

काकांनी नकाराची मान हलवली. "खोटं नोको लिहू. आपन लमान हावो. आपले आजे-पंजे बैलावर गोन्या लादून मुलूख फिरले. धान्य राजाचं, मीठ सावकाराचं, पाठ आपल्या बैलाची. पन पाठीवर गोनी आली म्हनून हा माल माहा हाये, असं कोन्या लमानानं कधी म्हनलं नाही. ज्याचा माल त्याच्या दारात. मी दोन वर्षं या पोरीची गोनी वाह्यली, न पोचवाचं इसरलो. लिही: माल वर्षाचा होता. मी फक्त वाहून आनला. आज ज्याचा त्याले पोचला. धरमसिंग नायक."

अमरसिंगनं तसंच्या तसं टाइप केलं. त्याचे डोळे भरले होते, आणि माझ्याबद्दल तर विचारूच नका.

बटण दाबायचं काम काकांनी वर्षाला दिलं नाही. स्वतः दाबलं, सही करतात तेवढाच वेळ घेऊन.

विद्यापीठांनी फोटो आधीच ताडून ठेवले होते. आम्ही सगळे त्या पडद्याकडे बघत बसलो. नेटवर्क जात होतं, येत होतं. परात फिरत होती. मग वर्षाच्या फोननं आवाज केला. एकदा, पुन्हा एकदा, मग वाजतच राहिला. एकेक कोर्स तिच्या नावावर येऊन पडत होता. ती ओट्यावर उभी राहिली आणि तिनं नागपूरचं पान उघडून मोठ्यानं वाचलं. आमची न बोलणारी वर्षा साऱ्या तांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचत होती. "तिसऱ्या वर्षासाठी पात्र!"

डफडं कुणी आणलं ते मला माहीत नाही. बायकांनी फेर धरला, इंद्रजीत तर असा नाचला की त्याची चप्पल देवळाच्या छपरावर गेली. आणि त्या सगळ्या गोंधळात माझे सासरे परातीपुढं गोळाचा खडा हातात धरून उभे होते. तोंडात टाकत नव्हते. मला कळलं ते कशाला अडले आहेत. हा गोळ खाल्ला की वर्षाची सगाई झाली, नागपूरशी. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, ही हद्द मग त्यांच्या हातात राहत नव्हती.

"बा," वर्षा त्यांच्यापुढं येऊन म्हणाली. "एका वर्षात पदवी होते. पन पुढंही शिकाचं म्हनते मी."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या परातीकडे, मग साऱ्या तांड्याकडे. खडा तोंडात टाकला आणि चावून चावून खाल्ला. "फुलसावंगीवाल्यायले मी सांगतो," ते म्हणाले. "पोरीनं दुसरीकडं गोळ खाल्ला म्हना."

आता थोडं शालीचं. दुसऱ्या दिवशी काका ती परत करायला आर्णीला गेले. संस्थेची माणसं बुचकळ्यात पडली, शाल परत घ्यायचा त्यांच्याकडे काही रिवाजच नव्हता. काकांनी त्यांना खऱ्या विद्यार्थिनीचं नाव सांगितलं, शाल पुन्हा घडी करून घेतली आणि घरी आणून वर्षाच्या पेटीत ठेवली. नागपूरला वसतिगृहात पांघरायला होते, असं म्हणाले. नारळ मात्र आम्ही आधीच फोडून खाल्ला होता.

तांड्याचं ते जुनं खातं अमरसिंगनं बंद केलं. किल्ली आता साऱ्यांना माहीत झाली होती ना. बंद करण्याआधी बाकीच्या पोरींची क्रेडिटंही जिच्या तिच्या घरी गेली आणि काकांच्या नावावर एकही उरलं नाही.

दिवाळीत वर्षा घरी आली. सांगत होती, प्रवेशाच्या वेळी नोंद तपासणाऱ्या मॅडम ती ओळ वाचून थांबल्या. पुन्हा वाचली. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून वाचायला लावली. "कोण आहेत हे धरमसिंग नायक?" त्यांनी विचारलं. वर्षा म्हणाली, "आमचे सर आहेत."

हे ऐकून काका दळण घ्यायचं विसरून चक्कीच्या दारात बसून राहिले. मग डोळे पुसून उठले. आता तांड्यात कुणी पाहुणा आला की ते त्याला पाणी द्यायच्या आधी सांगतात, "देशातल्या इतक्या मोठ्या विद्यापीठायमंदी माहं नाव लिहून हाये. न पाहा बाप्पा, कोनाच्या बापाले पुसता येत नाही!"